सा धरला आणि वर प आला

शहापूरचे आमचे एक काका, उभी हयात नोकरीत गेली पण क्लॅरोनेट काही सुटली नाही. तरुणपणी लग्नाच्या बँडातल्या एका वस्तादाकडनं शिकले, मग कधीतरी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा जुना जॅझ कानावर पडला आणि तेव्हापासून तेच खूळ. मी पण त्यांच्याकडं जाऊन फुंकतो, "एवढ्या जोरात कशाला फुंकूलालास रे" हे ऐकत ऐकत.

त्यांनीच ही गंमत दाखवली. खालचा सा धरायचा, बोटं तशीच ठेवायची आणि डाव्या अंगठ्यानं मागची चावी दाबायची. बासरीत जोर लावला की वरचा सा येतो, इथं थेट तार सप्तकातला प!

बासरी दोन्हीकडनं उघडी, म्हणून हवा मूळ सुराच्या 1, 2, 3 पटीत कंप पावते. क्लॅरोनेटचं रीडकडचं (तोंडात धरायच्या पातळ पट्टीकडचं) टोक हवेच्या हिशेबानं बंद आणि नळी आतनं जवळपास एकसारखी, त्यामुळं 1, 3, 5 अशा विषम पटीच जमतात. दुप्पट म्हणजे वरचा सा, तो गळला. तिप्पट म्हणजे प. शिवाय मूळ सूर पण खाली जातो, फ्लूट आणि क्लॅरोनेट दोन्ही साधारण दोन फुटी, पण फ्लूट 262 हर्ट्झला थांबतो आणि नेहमीची बी फ्लॅट क्लॅरोनेट 147 पर्यंत उतरते. घरात चुलीची फुंकणी असेल तर काठावर फुंकून बघा, खालचं तोंड तळव्यानं बंद केलं की आवाज सप्तकभर उतरतो.

खालच्या पट्टीत सम पटी कमजोर, म्हणून आवाज पोकळ, लाकडी. वर चढली की टोकदार. जुन्या जॅझमध्ये कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं पितळी वाद्य) चाल धरतो, ट्रोम्बोन खालनं रेटतो आणि क्लॅरोनेट दोघांच्या वरनं फिरते. किंग ऑलिव्हरच्या बँडचं 1923 चं रेकॉर्डिंग ऐका, माईकच नाही, सगळे एका भोंग्यासमोर, तरी क्लॅरोनेटवाला जॉनी डॉड्स वेगळा कळतो.

लाकडामुळं असेल म्हणाल तर तसं नाही. धातूच्या क्लॅरोनेटा पण निघाल्या होत्या, त्यात पण प च येतो. जुन्या जॅझमधलाच सिडनी बेशे क्लॅरोनेटवरनं सोप्रानो सॅक्सोफोनकडं वळला, तो पण दिसायला सरळसोट, पण आतनं शंकूसारखा रुंदावत जातो आणि तिथं सा चा वरचा सा च मिळतो. म्हणजे बोटं एकदा शिकली की वर तीच चालतात. क्लॅरोनेटवर वरच्या पट्टीची बोटं नव्यानं घोकावी लागतात, सा पासून वरच्या प पर्यंतची मधली जागा भरायला जादा चाव्या त्या वेगळ्याच. काकांना याचंच कौतुक, मला विचाराल तर बेशे हुशार निघाला.