शिंकल्यावर लघवी गळते, त्यावर मालिश की केगल?

दुसऱ्या बाळंतपणानंतर मला शिंक आली की थेंब जायचेच, पाण्याची बादली उचलली तरी तेच, आणि मालिशवाल्या मावशी ओटीपोट चोळता चोळता रोज म्हणायच्या, सगळं जागेवर बसवते बघ. सव्वा महिना मालिश झाली, कंबर मोकळी झाली, झोप छान लागायची, पण गळायचं काही थांबलं नाही.

कारण ज्या स्नायूंनी लघवी धरायची ते मावशींच्या हाताला लागतच नाहीत. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळी बांधल्यासारखे असतात ते, लघवीची पिशवी, गर्भपिशवी सगळं त्या झोळीच्या आधारावर, आणि गरोदरपणात आणि नॉर्मल डिलिव्हरीत नेमकी तीच ताणून ढिली पडते. आता ढिला स्नायू दुसऱ्याने चोळून घट्ट होत नाही ना, तो आपणच आवळावा लागतो.

केगल म्हणजे तेच. अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड केगल यांनी 1948 मध्ये हा व्यायाम मांडला म्हणून ते नाव. गॅस अडवतो तसं आत आणि वर ओढायचं, काही सेकंद धरायचं, मग पूर्ण सोडायचं, एका वेळी 8 दा, दिवसातून 3 वेळा, आणि निदान 3 महिने, पंधरा दिवसांत सोडू नका प्लीज. मी सुरुवातीला पोट आणि मांड्याच आवळत होते आणि श्वास रोखून धरायचे, फिजिओने माझाच हात पोटावर ठेवायला लावला तेव्हा कळलं की पोट तर हलायलाच नको. आणि लघवी करताना मधेच अडवून सराव करायचा नाही.

पण काहींचं गळणं वेगळं असतं, खोकल्याने नाही, एकदम जोराची लागते आणि कुलूप उघडेपर्यंत सुटते. त्याला मुख्यतः लघवीची वेळ हळूहळू लांबवायची सवय करतात, चहा-कॉफी कमी करतात. आणि काही बायकांची ती झोळी ढिली नसतेच, उलट कायम आखडलेली असते, संबंधाच्या वेळी दुखतं, लघवी पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही, त्यांनी केगल केलं तर त्रास वाढू शकतो. तिथे मात्र पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे याच झोळीच्या स्नायूंचं, ट्रेनिंग घेतलेली फिजिओ आतून बोटाने स्नायू मोकळे करते, हवं तर याला मालिश म्हणा, पण घरच्या तेलाच्या मालिशशी त्याचा संबंध नाही.

जळजळ होत असेल, लघवीतून रक्त जात असेल किंवा अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल तर मालिश, केगल दोन्ही राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा.