निवडुंगाच्या नव्या जातीचे वर्णन

एखादा निवडुंग आजवर नाव मिळालेल्या कोणत्याही जातीत बसत नाही, हे बाह्यरूप व जनुकीय पुराव्याने दाखवून त्याला रीतसर नाव देण्याची पद्धत. निवडुंगांचे कॅक्टेसी कुल मूळचे अमेरिकेतले; ऱ्हिप्सॅलिस बॅक्सिफेरा ही एकच जाती आफ्रिका व श्रीलंकेतही आपणहून वाढते. कोकणातला फड्या निवडुंग, ड्रॅगन फ्रूट आणि पावसाळ्यात रात्री उमलणारे कुंडीतले ‘ब्रह्मकमळ’ हे सारे बाहेरून आलेले. गडग्याला लावतात तो चिकाचा काटेरी निवडुंग मात्र एरंडाच्या कुळातला. त्याची फांदी मोडली की पांढरा चीक गळतो. फड्याचे पान वाटणारे खोड कापले तर नुसता बुळबुळीत रस, आणि काटे लवदार ठिपक्यांतून फुटलेले. हा ठिपका, म्हणजे एरिओल, कॅक्टेसीची हमखास खूण.

वर्णनात खोडाचे कंगोरे, एरिओलांमधले अंतर, फुलाच्या नळीवरचे खवले, बीजाच्या सालीची नक्षी असे सगळे मोजून लिहितात. काट्यांवर फार भिस्त ठेवू नये. ऊन-सावलीप्रमाणे ते बदलतात. फूल व बी अधिक भरवशाचे. मांसल खोड कागदात दाबून सुकत नाही, कोकणातल्या पावसाळी दमट हवेत तर बुरशीच धरते. म्हणून ते उभे चिरून गर काढतात आणि मग वाळवतात. फुले स्पिरिटमध्ये ठेवतात.

डीएनए काढताना हाच बुळबुळीत रस आड येतो. मॅट-के, आरपीएल-१६ असे हरितलवकातले भाग वाचून वंशवृक्ष मांडतात, पण हरितलवक बहुधा आईकडून येते. संकराचा बाप त्यात दिसत नाही. फड्याच्या ओपन्शिया प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) संकर फार, गुणसूत्रे कुठे २२ तर कुठे ८८. तेव्हा केंद्रकातली जनुकेही तपासावी लागतात. किती फरक पडला की जात वेगळी, याची ठरीव रेघ नाही. रूपात काहीच वेगळे नसताना डीएनएतल्या चार अक्षरांच्या फरकावर नाव देणे घाईचेच.

हीच रीत इतर वनस्पतींनाही लागते. सिंधुदुर्गात सापडलेली गेंदाची (हा निवडुंग नव्हे, गोंडेदार फुलांचे छोटे रोप) एरिओकॉलॉन पार्विसेफॅलम ही जाती पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अशीच रूप व डीएनए ताडून मांडली.

२०१२ पासून वर्णन लॅटिनऐवजी इंग्रजीतही चालते. मूळ नमुना कोणत्या वनस्पतिसंग्रहालयात ठेवला, हे नोंदवणे सक्तीचे. जवळजवळ सगळे निवडुंग-कुल साइट्स या दुर्मीळ जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराखाली येते, तरी दुर्मीळ निवडुंगांची चोरी चालूच असते. त्यामुळे नेमकी जागा अनेकदा छापत नाहीत.