वर्गातील दिव्यांगत्वविषयक पूर्वग्रह

सर्वसाधारण शाळेत शिकणाऱ्या दिव्यांग मुलाला काय जमेल आणि काय नाही, हे त्याला न विचारताच ठरवून टाकणाऱ्या समजांना वर्गातील दिव्यांगत्वविषयक पूर्वग्रह म्हणतात. ते शिक्षकांच्या, पालकांच्या, वर्गमित्रांच्या आणि पुष्कळदा खुद्द त्या मुलाच्या मनातही असतात. त्यांना हात घातल्याशिवाय समावेशित शिक्षण, म्हणजे दिव्यांग आणि इतर मुलांनी एकाच वर्गात शिकणे, पुरे होत नाही. शाळेच्या पायरीशेजारी रॅम्प बांधणे त्या मानाने सोपे आहे.

सर्वांत चिवट समज दयेचा, कारण त्यामागचा हेतू वाईट नसतो. खेळाच्या तासाला कुबडी घेणाऱ्या मुलाला दप्तरे राखायला बसवले जाते. कोल्हापुरातल्या शाळांची पन्हाळ्याची सहल ठरते, तेव्हा ‘त्याला झेपायचं नाही’ म्हणून त्याचे नाव यादीत येतच नाही. वास्तविक पन्हाळ्यावर गाडी थेट गडावर जाते, आणि तिथल्या ‘तीन दरवाजा’ या प्रवेशद्वाराचे कोरीव काम अंध मुलीला हाताने पाहता येते. दयेची दुसरी बाजू म्हणजे चमत्काराची अपेक्षा: दिसत नाही, म्हणजे गळा गोड असणारच. ज्या अंध मुलाला गाण्याऐवजी गणित आवडते, त्याने या अपेक्षेचे काय करायचे?

अध्ययन अक्षमतेबाबतचा समज तर मराठीने एका अक्षरातच बसवला आहे: ‘ढ’. वाचन-अक्षमता असलेले मूल ‘म’ आणि ‘भ’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत गोंधळते, काना-मात्रा गाळते, जोडाक्षराशी अडखळते. तोंडी विचारले तर तेच मूल धड्याचा आशय नीट सांगू शकते. पण वही तपासणाऱ्याच्या नजरेला फक्त चुका पडतात आणि शिक्का बसतो. परीक्षेत अशा मुलाला जादा वेळ मिळतो, तासाला किमान 20 मिनिटे. तो म्हणजे फुकटचे गुण, असे मानणारे पालक आजही भेटतात. जादा वेळ उत्तर पुरवत नाही. येत असलेले उत्तर कागदावर उतरायला अवधी देतो, एवढेच.

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण सबबी सांगणाऱ्यासाठी आहे. दिव्यांग मुलांच्या बाबतीत मात्र अंगण बहुधा खरोखरच वाकडे असते. ओठांच्या हालचालीवरून बोलणे समजून घेणाऱ्या मुलीकडे पाठ करून, फळ्याकडे तोंड करून शिकवले, तर तिचा धागा तुटणारच. आणि मग ‘तिचं लक्षच नसतं’ असा शेरा मिळतो. श्रवणयंत्र बाईंच्या आवाजाबरोबर बाकांचा खडखडाटही मोठा करते, हे तिच्या शेजारी बसणाऱ्यांना सांगायला पाच मिनिटे पुरतात.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य प्रकार 7 वरून 21 केले आणि अध्ययन अक्षमता व स्वमग्नता (ऑटिझम) यांना त्यांत जागा दिली. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. म्हणजे ‘याला विशेष शाळेत घाला’ हे सांगणे मुख्याध्यापकांच्या अखत्यारीत येत नाही. निवड मुलाची आणि पालकांची.

एकत्र बसण्याचा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. तो प्रश्न जातीचा होता, दिव्यांगत्वाचा नव्हे. तरी वेगळी शाळा वेगळेपणाची समजूत पक्की करते, हे या गावाने तेव्हाच ओळखले होते. नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने 1984 मध्ये येथे ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली. तिच्या उचगावच्या समर्थ विद्यामंदिरात दिव्यांग आणि इतर मुले एकाच वर्गात शिकतात.

नुसते शेजारी बसवल्याने मात्र समज गळून पडत नाहीत. सगळ्यांना मिळून करावे लागेल असे खरे काम लागते: विज्ञानाच्या प्रयोगात नोंदी कोण ठेवणार, स्नेहसंमेलनाच्या नाटकात संवाद कोणाचे, वर्गाचा मॉनिटर कोण. खुणांची भाषा वापरणारा मुलगा मॉनिटर झाला, की वर्गाला आठवडाभरात निदान ‘शांत बसा’ची खूण येते.