सशाची किंकाळी आणि पिल्लाचे केकाटणे

कायोटी हा उत्तर अमेरिकेतील प्राणी लांडग्याहून लहान आणि दिसायला आपल्याकडच्या कोल्ह्याच्या जवळचा असतो. त्याचा माग काढत फिरण्यापेक्षा झुडपाआड बसून संकटात सापडलेल्या जिवाचा आवाज काढावा आणि त्यालाच आपल्याकडे येऊ द्यावे, ही तिथल्या शिकाऱ्यांची रूढ पद्धत आहे. या आवाजांपैकी सशाची किंकाळी आणि कायोटीच्याच पिल्लाचे केकाटणे हे दोन नवख्या कानाला सारखेच वाटतात, कारण ते एकाच पिपाणीतून निघू शकतात. पहिला आवाज भुकेल्या प्राण्याला बोलावतो, तर दुसरा आईबापांना.

पिपाणी म्हणजे मुठीत मावणारी नळी असते आणि तिच्या तोंडाशी लवचिक पट्टी बसवलेली असते. ओठांचा दाब पट्टीच्या टोकाकडे नेला की स्वर चढतो, मागे घेतला की जाड होतो. सशासाठी लांब, रडवे हेल काढतात आणि नळीच्या दुसऱ्या टोकाशी मुठीची उघडझाप करीत, दम संपत आल्याप्रमाणे आवाज क्षीण करीत नेतात. त्यातही कॉटनटेल सशाचा आवाज बारीक असतो, तर आपल्या रानसशाच्याच कुळातल्या जॅकरॅबिटचा घोगरा. पिल्लाचा आवाज मात्र तुटक आणि घाईचा असतो; शेपटीवर पाय पडलेले कुत्र्याचे पिल्लू आठवावे. आपण सगळ्यालाच कोल्हेकुई म्हणून मोकळे होतो, पण १९७८ मध्ये फिलिप लेनर या अभ्यासकाने कायोटीच्या आवाजांचे ११ प्रकार नोंदवले होते.

खरा फरक येणाऱ्या प्राण्याच्या चालीत दिसतो. सशाच्या किंकाळीवर येणारा कायोटी आयत्या घासाच्या आशेने येतो, पण जीव धोक्यात घालायला तयार नसतो. पुष्कळदा तो सरळ न येता मोठा वळसा घेऊन वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे आवाजाकडून वारा आपल्याकडे येईल अशा बाजूला जातो, थबकतो, नाक वर करून हुंगतो आणि माणसाचा वास लागताच दिसेनासा होतो. म्हणूनच शिकारी आधी वारा पाहतो, मग बसायची जागा ठरवतो. पिल्लाच्या आवाजावर, विशेषतः बीळ जवळ असेल तर, जोडी थेट धावत येण्याचा संभव अधिक, आणि त्यासाठी ते पिल्लू तिचे स्वतःचेच असावे लागते असेही नाही. याच कारणाने एकावर गोळी झाडल्यावर पळणाऱ्या दुसऱ्याला क्षणभर थांबवण्यासाठी शिकारी ताबडतोब पिल्लाचा आवाज काढतात.

हंगामही वेगळे आहेत. जानेवारी ते मार्च हा मीलनाचा काळ, त्यानंतर सुमारे ६३ दिवसांनी, म्हणजे बहुधा एप्रिल-मे महिन्यांत, पिल्ले जन्मतात. शरद ऋतूत आईबापांपासून वेगळी झालेली अननुभवी पोरे सशाच्या किंकाळीला सहज फसतात. तोच आवाज वारंवार ऐकून वाचलेली मात्र हिवाळा सरेपर्यंत सावध होतात. पिल्लाचा आवाज वसंत आणि उन्हाळ्यात सर्वांत प्रभावी ठरतो. पिल्लांना भरवणारी जोडी मेंढ्यांची कोकरे अधिक मारते, त्यामुळे मेंढपाळांच्या दृष्टीने त्याच दिवसांत तो वापरण्याला काही अर्थ आहे. कातड्यासाठी शिकार करणाऱ्याला ते कारण लागू पडत नाही, कारण कायोटीची दाट, विकण्याजोगी लव हिवाळ्यात असते आणि मे महिन्यात ती झडू लागलेली असते.