फ्रेम-स्टॅकिंग (ग्रहांच्या छायाचित्रणातील)

ग्रहाचा छोटा व्हिडिओ घ्यायचा, त्यातल्या हजारो फ्रेममधून चांगल्या तेवढ्या वेचायच्या, त्या एकमेकींवर अचूक बसवायच्या आणि त्यांची सरासरी काढून एकच चित्र तयार करायचे, या पद्धतीला स्टॅकिंग म्हणतात. गुरू, शनी, मंगळ यांची हौशी निरीक्षकांनी टिपलेली आजची बहुतेक तपशीलवार चित्रे याच वाटेने येतात.

एवढा खटाटोप करावा लागतो तो हवेमुळे. गुरू पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतानाही त्याचे बिंब जेमतेम 50 विकलांचे, म्हणजे चंद्रबिंबाच्या साधारण छत्तिसाव्या हिश्श्याएवढे असते. डोक्यावरची कमीअधिक तापमानाची हवा ते सतत हलवते, फुगवते, वाकवते. फिल्मच्या काळात काही सेकंदांचे एक्स्पोजर द्यावे लागे आणि ही सगळी थरथर एकाच चित्रात मिसळून जाई. एक्स्पोजर 10 मिलिसेकंदांवर आणले की थरथर गोठते. मग काही फ्रेम वेड्यावाकड्या येतात, पण मधूनच एखादी लख्ख निघते.

अशी फ्रेम किती वेळा मिळेल याचे गणित प्रकाशशास्त्रज्ञ डेव्हिड फ्रीड यांनी 1978 मध्ये मांडले. हवेतल्या ज्या पट्ट्यातून प्रकाश फारसा न विस्कटता येतो, त्याच्या रुंदीच्या पाचपट दुर्बिणीचा व्यास असेल तर साधारण नवातली एक फ्रेम उत्तम निघते. सातपट असेल तर पावणेचारशेंतली एक आणि दहापट असेल तर दहा लाखांतली एक. मोठी दुर्बीण घेतली की चित्र आपोआप सुधारते, हा नवख्यांचा समज इथेच कोसळतो.

ही पद्धत घरोघरी पोहोचली ती वेबकॅममुळे. फिलिप्सचा टूयूकॅम हा संगणकावर गप्पा मारण्यासाठी बनवलेला कॅमेरा लोकांनी भिंग काढून दुर्बिणीला लावला. 2002 मध्ये नेदरलँड्सच्या कोर बेरेव्हूट्स यांचे रेजिस्टॅक्स हे स्टॅकिंगचे सॉफ्टवेअर आले. पुढे त्याच देशातल्या एमिल क्राइकाम्प यांच्या ऑटोस्टॅकर्टने फ्रेम जुळवण्याचे काम बरेच सोपे आणि वेगवान केले.

सॉफ्टवेअर आधी प्रत्येक फ्रेममधले बिंब एका जागी आणते. मग शेजारच्या पिक्सेलांमधला फरक किती ठळक आहे हे पाहून फ्रेमना क्रम लावते. मात्र हवा बिंबाच्या सगळ्या भागांवर सारखी नसते. एकाच फ्रेममध्ये गुरूचा उत्तर पट्टा स्पष्ट आणि दक्षिणेचा फरफटलेला असू शकतो. म्हणून बिंबावर लहान लहान चौकोन, म्हणजे अलाइनमेंट पॉइंट ठेवतात आणि प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे जुळवतात. चौकोन फार लहान ठेवले तर सॉफ्टवेअर तपशिलाऐवजी नॉइजच्याच, म्हणजे चित्रातल्या रवाळ दाण्यांच्याच मागे धावते. 100 फ्रेमच्या सरासरीत नॉइज दहापटीने कमी होतो, पण त्या भरीला वाईट फ्रेम आल्या तर धार जाते. किती टक्के घ्यायच्या हे त्या रात्रीच्या हवेवरून ठरवावे लागते. ठरीव आकडा सांगणाऱ्यावर फारसा विश्वास ठेवू नये.

व्हिडिओ हवा तेवढा लांबवता येत नाही. गुरू सुमारे 9 तास 55 मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे दोन-तीन मिनिटांतच त्याच्यावरच्या खुणा सरकलेल्या दिसू लागतात. जास्त काळाचे व्हिडिओ जोडायचे असतील तर विनज्युपॉससारख्या सॉफ्टवेअरने आधी हे फिरणे वजा करतात.

स्टॅक झालेले चित्र सुरुवातीला मऊ, धुरकट दिसते. वेव्हलेट, म्हणजे लहानमोठे तपशील वेगवेगळे उठावदार करणारे गणिती तंत्र, वापरून त्याला धार आणतात, आणि खोटेपणाही इथेच शिरतो. मंगळाच्या कडेला आतल्या बाजूने उमटणारी कमान ढग नसते, ती प्रक्रियेतून आलेली असते.

महाराष्ट्रातल्या निरीक्षकाला अक्षांशाचा फायदा आहे, कारण ग्रह जितका वर, तितकी मधली हवा कमी. 2018 च्या सुमारास शनी आकाशाच्या बराच दक्षिणेला होता. नेदरलँड्समधून तो क्षितिजावर जेमतेम 15-16 अंश चढे, मुंबईतून मात्र 49 अंशांच्या आसपास. शहराचा उजेडही ग्रहांना फारसा नडत नाही. नडते ती दिवसभर तापलेली गच्ची. स्लॅब निवेपर्यंत कॅमेरा लावण्यात अर्थ नाही. चंद्रासाठीही हेच तंत्र चालते. पुण्यातल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने 2021 मध्ये पन्नास हजारांहून अधिक फ्रेममधून चंद्राचे एक चित्र उभे केले आणि ते देशभर गाजले.

सरासरी काढताना क्षणभर घडलेली गोष्ट मात्र पुसली जाते. 3 जून 2010 रोजी ऑस्ट्रेलियात अँथनी वेस्ली यांना संगणकाच्या पडद्यावर गुरूवर जेमतेम दोन सेकंदांचा झगमगाट दिसला. एक लहान खगोलीय पिंड गुरूवर आदळला होता. ही बातमी कळल्यावर फिलिपिन्समधल्या ख्रिस्तोफर गो यांनी आपला त्याच वेळचा व्हिडिओ तपासला, तर तोच झगमगाट त्यातही होता. हल्ली डिटेक्ट नावाचे सॉफ्टवेअर मूळ व्हिडिओ चाळून अशा चमका शोधते, त्यामुळे स्टॅक झाल्यावरही अनेकजण मूळ फाइल लगेच पुसून टाकत नाहीत.