दिवाळीला जुनेर नेसणारा शिंजीर

नवरात्र सरलं की पुण्यात उन्हाचा चटका वाढतो आणि माझी खिडकीतली बैठक सुरू होते. समोर जास्वंद आहे. उन्हाळ्यात तिच्यावर मिरवणारा काळानिळा, चकचकीत शिंजीर, म्हणजे चिमुकला सूर्यपक्षी, या दिवसांत दिसत नाही. येतो तो मळकट पिवळा, हनुवटीपासून पोटापर्यंत शाईची रेघ ओढल्यासारखा कुणीतरी. "आपला शिंजीर गेला वाटतं," शेजारच्या काकू हळहळल्या.

तो गेलेला नाही. हाच तो जांभळा शिंजीर. विणीचा हंगाम आटोपला की नर भरजरी पिसं टाकतो आणि जवळपास मादीसारखा साधा होतो. तेही नेमकं आपली दिवाळीची खरेदी चाललेली असताना! त्याचा भाऊबंद, जांभळ्या पाठीचा शिंजीर, मात्र वर्षभर एकाच वेशात असतो.

पीस आपल्या नखासारखं केराटिनचं. पूर्ण वाढलं की निर्जीव. झिजलं तर त्याला रफू नाही, टाकून नवंच उगवावं लागतं. शिंजिराच्या पिसात निळा रंग भरलेला नसतोच. मेलॅनिन या गडद रंगद्रव्याच्या अतिसूक्ष्म थरांवरून उजेड परततो, तेव्हा साबणाच्या फुग्यावर उमटतात तसे रंग दिसतात. म्हणून सावलीत हाच पक्षी कोळशासारखा काळा.

पंखांतली सगळी मोठी पिसं एकदम गळाली तर उडायचं कसं? बदकांना ते परवडतं. काही आठवडे ती उडू शकत नाहीत, पाण्याचा आणि गवताचा आसरा घेतात. शिंजीर, बुलबुल, साळुंकी यांची पिसं दोन्ही पंखांतून जोडीजोडीने, आतून बाहेरच्या बाजूला गळत जातात. तेव्हा कठड्यावरच्या बुलबुलाच्या पंखांत दोन्हीकडे सारखीच फट दिसली, तर तो आजारी आहे असं समजू नका.

रेघेची एक गंमत आहे. ती यंदा जन्मलेल्या नराच्या गळ्यावरही येते. खांद्याजवळ निळी चमक असेल तर तो बहुधा जुनाजाणता नर. एवढं बारीक बघायचं तर खोलीतला दिवा बंद ठेवावा, म्हणजे काचेपलीकडून आपण दिसत नाही.

पुढे रेघेच्या आजूबाजूला निळे ठिपके उगवू लागतात आणि काही दिवस हा पठ्ठ्या ठिगळं लावलेल्या गोधडीसारखा दिसतो.