बाटलीतली साक्ष

जिममध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘कुणी पावडरीत काही कालवलं, तर खेळाडूचा काय दोष?’ दोष नसेलही. पण उत्तेजकांचा नियम दोषाकडे नंतर वळतो. आपल्या शरीरात काय जातं याला जबाबदार खेळाडूच. लघवीत बंदी असलेलं द्रव्य सापडलं की नियमभंग झाला. ‘मुद्दाम की चुकून’ हा प्रश्न येतो शिक्षा ठरवताना. २०१९ मध्ये क्रिकेटपटू पृथ्वी शॉच्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं. ते खोकल्याच्या औषधातून आलं, हे बीसीसीआयने मान्य केलं, तरी ८ महिन्यांची बंदी टळली नाही.

मग हेतू कळतो कसा? खरी गंमत इथे आहे. मेटॅन्डिएनोन हे स्टेरॉइड पोटात गेलं की यकृत त्याचा रेणू बदलायला घेतं. कुठे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) जोड, कुठे आकार पालट. मूत्रपिंडांना तो बाहेर टाकता यावा म्हणून ही खटपट. मूळ द्रव्य भराभर ओसरतं, त्याचे काही अवतार मात्र आठवडे रेंगाळतात. समजा एखाद्या रेणूचं प्रमाण दर ४ तासांनी निम्मं होतं. २४ तासांत ६ वेळा निम्मं, म्हणजे चौसष्टावा हिस्सा; ४८ तासांत ४०९६ वा. प्रत्येक अवताराची ओसरण्याची चाल वेगळी. वस्तुमान वर्णपटमापी, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र, त्यांना वेगवेगळं मोजतं, आणि त्या प्रमाणांवरून तज्ज्ञ उलटा हिशेब मांडतात: किती घेतलं, कधी घेतलं.

२०१६ मध्ये, रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर, तीन वेळचा महाराष्ट्र केसरी नरसिंग यादवचे २५ जून आणि ५ जुलैचे नमुने याच मेटॅन्डिएनोनसाठी दोषी निघाले. पेयात कुणीतरी मिसळलं, हा त्याचा बचाव नाडाने (भारताची उत्तेजकविरोधी संस्था) स्वीकारला; वाडाने (तिची जागतिक संस्था) आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादात दाद मागितली. पहिल्या नमुन्यातलं प्रमाण इतकं होतं, की ते पाण्यात कालवलेल्या भुकटीचं नव्हे, एक-दोन गोळ्यांचंच असणार, आणि घेणं एकदाच झालेलं नाही, असं लवादाने मानलं. कुस्तीच्या आदल्या दिवशी चार वर्षांची बंदी आली.

‘भरपूर पाणी प्या, सगळं धुऊन निघतं’ हे सांगणारे डिटॉक्सवाले इथेही भेटतात. खेळाडू अधिकाऱ्यासमोर स्वतःच्या हाताने अ आणि ब बाटल्या भरतो, झाकण कटकट करत बसतं. नमुन्याच्या भांड्यात तळाशी उरलेल्या थेंबांची घनता तिथेच मोजतात. लघवी फारच पातळ निघाली, की पुन्हा नमुना द्यायला तिथेच बसून राहायचं.